गणपतीला गेलेल्या दोन अळ्या

सुरुवात लेंड्यांपासून झाली. पुण्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी तगरीचं एक जुनं झुडूप आहे. त्याच्याखालच्या फरशीवर काळपट हिरव्या, मिऱ्याएवढ्या लेंड्या पडायला लागल्या. प्रत्येकीला उभ्या खाचा, साच्यातून काढल्यासारख्या. आईचं निदान उंदीर, वॉचमनचं घूस. माझी दहा वर्षांची मुलगी मनू मात्र फरशीवर उकिडवी बसली आणि वर बघत राहिली. उंदीर झाडावर बसून पानं कशाला खाईल, असा तिचा प्रश्न होता.

वीसेक मिनिटांनी तिला अळी दिसली. दिसली म्हणजे, जे पान ती इतका वेळ बघत होती ते चालायला लागलं. आठेक सेंटिमीटर लांब, करंगळीपेक्षा जाड, अंगावर केस नाहीत. रंग थेट तगरीच्या पानाचा. दोन्ही बाजूंनी एकेक पांढरी रेघ, आणि त्या रेघेच्या आजूबाजूला रांगोळीचे ठिपके सांडावेत तसे पांढरे ठिपके. मागच्या टोकाला पिवळं, खाली वाकलेलं बोथट शिंग. तिच्याच खालच्या फांदीवर दुसरी होती, जरा लहान.

ही कण्हेरीच्या पतंगाची, म्हणजे ओलिअँडर हॉक मॉथची अळी. शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरिआय. त्यातलं ‘नेरिआय’ हे नेरियम म्हणजे कण्हेरीवरून आलं आहे. नाव कण्हेरीचं असलं तरी आपल्याकडे ती तगरीवर सर्रास सापडते. सदाफुली, सातवीण, हल्ली गच्चीगच्चीत दिसणारं अ‍ॅडेनियम, ही त्याच कुळातली झाडंही तिला चालतात. पान खुडलं की बहुतेकांना पांढरा चीक येतो.

अडचण एवढीच की चार दिवसांनी आम्ही गणपतीला गावी निघणार होतो. तेवढ्यात माळ्याने कुंपण छाटायचं काढलं. मनूने दोघींना घरात आणलं, आईला त्या झुडपाची फुलं तोडायची बंदी केली आणि दोघींची नावं ठेवली थोरली आणि धाकटी. गौरींवरून. घरी कोणी राहणार नव्हतं, त्यामुळे पुढचं ओघानेच आलं.

दिवस पहिला : पुणे ते आंबोली

पहाटे साडेपाचला निघालो. पुढे मी आणि माझी बायको अनघा, मागे आई, मनू आणि दोघींच्या मध्ये बरणी. मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी, वर मलमलचा तुकडा आणि रबर. तळाला वर्तमानपत्र, आत तगरीच्या चार डहाळ्या. डहाळ्या पाण्यात उभ्या करायच्या नाहीत, अळ्या देठावरून उतरून पाण्यात बुडतात. जास्तीची पानं ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत घालून डिकीत ठेवली होती.

थोरली शेवटच्या कातीतली होती. अळीला वाढायचं तर कात टाकावी लागते. ही चार वेळा टाकते, म्हणजे अळीपणाच्या पाच इयत्ता. अंड्यातून बाहेर येते तेव्हा ती जेमतेम तीन-चार मिलिमीटर आणि पिवळी असते, आणि शिंग मात्र लांबलचक, काळं, केसासारखं बारीक. अंगाला न शोभणारं. पुढे अंग हिरवं होत जातं, वाढतं, आणि शिंग मागे पडतं. आमच्या गरम हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात. त्यातलं बहुतेक खाणं शेवटच्या चार-पाच दिवसांत उरकलं जातं. आदल्या रात्रीत थोरलीने अठरा पानं संपवली होती. मनूने देठ मोजून वहीत लिहिलं होतं.

साताऱ्याच्या पुढे ऊन आलं आणि रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर दिसायला लागली. गुलाबी, पांढरी, मधूनच लाल. हायवेवाल्यांची ती लाडकी, कारण पाणी कमी लागतं, धुराला दाद देत नाही आणि गुरं तोंड लावत नाहीत. गुरं शहाणी असतात. कण्हेरीच्या पानात, देठात, बियांत हृदयावर घाला घालणारं विष असतं. या अळीला मात्र ते पचतं. कसं काय, यावर अनघाने मला प्रश्न विचारला आणि मी ट्रक ओव्हरटेक करण्यात गुंतलो असल्याचं दाखवलं. आईने मात्र मुद्द्याचं विचारलं, मनू हात धुते ना? तेव्हापासून पानं हाताळली की साबण, असा नियम झाला.

कण्हेर आणि हा पतंग यांची जोडी फार लांबवर पसरली आहे. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, अरबस्तान, आपला देश, श्रीलंका, पुढे आग्नेय आशिया. थंडी मात्र त्याला सोसत नाही. उन्हाळ्यात तो दक्षिणेकडून युरोपात वर वर उडत जातो, वाटेत कण्हेरीच्या कुंड्या दिसल्या की अंडी घालतो, आणि हिवाळा लागला की ती पिढी तिथेच संपते. एखादा भरकटत इंग्लंडपर्यंत पोहोचला तर तिथल्या पतंगवेड्यांची झोप उडते. आणि आमच्याकडे तो वॉचमनच्या लेखी घूस.

कराडच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मनू म्हणाली, “बाबा, धाकटीच्या मानेजवळ एक ठिपका जास्त आहे.”

“ठिपके असतातच.”

“हा रांगेत नाहीये. आणि वर आलाय.”

मी बरणी उन्हात धरून पाहिल्यासारखं केलं. पांढरा ठिपका होता. शंभर पांढऱ्या ठिपक्यांत अजून एक. बरणी परत दिली.

निपाणीहून आत वळून उत्तूर, आजरा. भातखाचरं पोटरीला आली होती. आजऱ्याच्या पुढे गाडीत गारवा शिरला आणि आंबोलीत पोहोचलो तेव्हा समोरची गाडी फक्त तिच्या लाल दिव्यांवरून कळत होती. लॉजवर सामान काढताना पहिला घोटाळा लक्षात आला. पानांची पिशवी मोठ्या बॅगेखाली चेंगरली होती. आतल्या पानांचा काळा लगदा झाला होता, वासासकट.

दिवस दुसरा : आंबोली

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराचसा त्या दिवशी पडला असावा. हिरण्यकेशीला जाऊन आलो, जळवा काढल्या, भजी खाल्ली. ते सगळं आंबोलीला गेलेला प्रत्येकजण लिहितो, म्हणून सोडतो. आमचा दिवस खरा गेला तगर शोधण्यात.

तगर मिळाली नाही. लॉजच्या फाटकाशी कण्हेर होती, तीच आणली, पुसून कोरडी केली आणि बरणीत ठेवली. नावाप्रमाणे कण्हेरीचाच पतंग, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. दोघींनी पानांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लहानपणापासून तगरीवर वाढलेल्या अळीला अचानक दुसरं पान दिलं की ती अडून बसते, हे मला वाचून माहीत होतं. अनुभव पहिलाच. आई म्हणाली, सासरी आलेल्या मुलीला पहिले दोन दिवस असंच होतं, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुपारी चारला थोरलीने पहिलं पान कुरतडलं. पान तोडायची तिची पद्धत बघण्यासारखी आहे. मागच्या मांसल पायांनी देठ गच्च धरते, पुढच्या सहा खऱ्या पायांनी पानाची कड हातात धरल्यासारखी उभी करते आणि डोकं वरून खाली आणत कंस कापत जाते. खाली पोहोचली की पुन्हा वर. कणीस खाणारा माणूस असाच दिसतो. जवळ कान नेला तर करकर ऐकू येते. धाकटीने संध्याकाळपर्यंत अर्धं पान खाल्लं आणि थांबली.

मनूने गवताच्या काडीने थोरलीला हलकेच टोचलं. मी ओरडणार होतो, पण त्याआधीच बरणीतला देखावा पाहून गप्प बसलो. थोरलीने डोकं आत ओढून घेतलं, खांद्यांचा भाग फुगवला आणि एरवी कातडीच्या वळीत अर्धवट झाकलेले दोन डोळे एकदम उघडे पडले. निळे, मध्ये पांढरट, भोवती काळं कडं. डोळे नव्हेत, नुसते चित्र. खरे डोळे खाली डोक्यावर, टाचणीच्या टोकाएवढे. पण क्षणभर बरणीत हिरवं सापाचं पिल्लू आहे असंच वाटतं. पक्ष्यालाही तसं वाटावं, हा त्यातला डाव असणार. अशी मान वर काढून निश्चल बसायची सवय या कुळातल्या बऱ्याच अळ्यांना आहे. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसला त्यात इजिप्तमधला स्फिंक्स दिसला, म्हणून त्याने या पतंगांना स्फिंक्स म्हटलं आणि कुळाचं नाव स्फिंजिडी पडलं. कण्हेरीच्या पतंगाचं नाव त्याने १७५८ साली ठेवलं. जगात या कुळातल्या चौदाशेच्या वर जाती आहेत. लिनियस आंबोलीला आला असता तर त्याला नाग दिसला असता आणि आज आपण वेगळंच काही म्हणत असतो.

रात्री पाऊस उघडल्यावर तिथल्या एका मुलाने आमच्यासाठी पडदा लावला. दोन बांबूंना पांढरी चादर, समोर अतिनील दिवा. अर्ध्या तासात चादर भरून गेली. नखाएवढ्या पाकोळ्यांपासून तळहाताएवढ्या पतंगांपर्यंत. दहाच्या सुमारास काहीतरी जड वस्तू चादरीवर आदळली आणि खाली पडून फडफडली. पाठीवर पिवळट कवटी. डेथ्स हेड हॉक मॉथ. त्या मुलाने तो बोटावर घेतला आणि पतंगाने चक्क चिरका आवाज काढला, उंदराच्या पिल्लासारखा. घशात हवा ओढून घेऊन आणि ती सोंडेवाटे बाहेर फुंकून तो हे करतो. एवढ्यावर थांबत नाही, मधमाशांच्या पोळ्यात शिरून आखूड दणकट सोंडेने मध चोरतो. याची अळी तिळावर, वालावरही सापडते. आईने कवटी पाहिली आणि “घरात आला तर काय म्हणायचं याला” एवढंच बोलून आत निघून गेली.

मनूने त्या मुलाला आमची बरणी दाखवली. तो हसला. म्हणाला, “हिचा पतंग मला इथल्या जंगलापेक्षा सावंतवाडीत लोकांच्या अंगणात जास्त दिसतो. तुम्ही पुण्याहून ही इकडे घेऊन आलात?”

दिवस तिसरा : आंबोली ते गाव

घाट उतरून सावंतवाडी, तिथून कुडाळच्या वाटेवर आमचं गाव. अर्ध्या तासात स्वेटर काढून घाम पुसायची वेळ.

उद्या चतुर्थी, त्यामुळे घरात गर्दी आणि हातात प्रत्येकाच्या काहीतरी. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधायचं चाललं होतं. कवंडाळं, शेरवडं, हरणाची फुलं, तेरडा, आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी. काकांनी बरणी पाहिली.

“ह्या काय हाडलंस गो? किडो?”

“अळी आहे आजोबा. पतंग होणार आहे.”

“गणपतीक किडो घेवन इलंत पुण्यासून,” काका माटवीकडे बघत म्हणाले. मग मनूचा चेहरा पाहून पुढे म्हणाले, “बावीकडे तगर आसा. जा, हाड.”

विहिरीवरच्या तगरीची पानं बरणीत पडल्याबरोबर थोरली तुटून पडली. धाकटी हळूहळू खायला लागली. मनूच्या वहीत त्या रात्रीचा हिशोब: थोरली २२, धाकटी ५.

दिवस चौथा : चतुर्थी

पूजा, आरती, मोदक, पुन्हा आरती. बरणी ओटीवरच्या खुंटीला पिशवीत टांगली होती, मुंग्या येऊ नयेत म्हणून. कोकणातल्या घरात अळीचा खरा शत्रू मुंगी. खुंटीला रॉकेलचा बोळा बांधायची वहिनींची सूचना मी घाबरून नाकारली. अळीला वासानेच काही व्हायचं. शेवटी पिशवीच्या दोरीला हळद चोळली.

संध्याकाळी भजनाला माणसं जमत असताना मनू रडकुंडीला येऊन म्हणाली, थोरली आजारी आहे. पाहिलं तर तिची हिरवी पाठ मळकट तपकिरी पडली होती आणि निळे डोळे काळवंडले होते. तिने खाणं सोडलं होतं. बरणीच्या तळाशी लेंड्यांऐवजी पातळ घाण होती. आणि ती चालत होती. नुसती चालत होती. बरणीच्या तळाच्या कडेने गोल गोल, न थांबता.

आजार नव्हता. कोषात जायची वेळ झाली होती. झाडावरून उतरायचं, जमिनीवर चालत लांब जायचं, पाचोळा शोधायचा. हिरव्या पानांवर हिरवी असणारी अळी मातीवर उठून दिसेल, म्हणून मातीचा रंग. पोट रिकामं केलं, आता पुन्हा अळीच्या तोंडाने ती काही खाणार नाही. हे सगळं मी मनूला टाळ-मृदंगाच्या आवाजात तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. तिने विचारलं, “म्हणजे आता तिला बरणी नको?” बरोबर होतं. तिला आता जागा हवी होती.

वहिनींनी आंब्याच्या पेटीचा जुना पुठ्ठ्याचा खोका दिला. त्यात फणसाचा आणि आंब्याचा वाळका पाचोळा चार बोटं भरला, थोरलीला सोडलं. रात्रभर खोक्यातून खसखस येत होती. भजन दोनला संपलं, ती त्यानंतरही चालत होती.

दिवस पाचवा : ऋषीपंचमी

सकाळी खोका गप्प. ऋषीची भाजी, दुपारची झोप.

खरी गंमत संध्याकाळी परसात झाली. तिथे सांडपाण्याच्या पाटाजवळ सोनटक्क्याचा मोठा ताटवा आहे. दिवेलागणीला फुलं उमलली, वास पसरला, आणि साडेसातच्या सुमारास काहीतरी आलं. आधी आवाज, मग आकार. फुलासमोर हवेत स्थिर उभा राहून पतंग सोंड आत घालतो, दोन सेकंदांत मागे सरतो, पुढच्या फुलावर. टॉर्च मारला की गायब. त्यांतला एक पाठीवर दोन्ही बाजूंनी गुलाबी पट्टे असलेला रताळ्याच्या वेलाचा हॉक मॉथ होता, त्याची सोंड जवळजवळ शरीराच्या दुप्पट. बाकीचे ओळखता आले नाहीत. सोनटक्क्याची पांढरी, लांब नळीची, रात्री घमघमणारी फुलं नेमकी यांच्यासाठीच केल्यासारखी आहेत. पपईचंही तसंच. नराची आणि मादीची झाडं वेगळी, फुलं संध्याकाळी वास सोडणारी. त्यांच्यातली ने-आण बरीचशी हे पतंगच करतात. काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मगे किडो म्हणान नको कोण.” आणि बरणीकडे गेले. धाकटीला त्यांनी स्वतःच्या हाताने कोवळी पानं घातली. ती हलली नाही.

दिवस सहावा : कारवार

कारवारला जायचं कारण घरात कोणालाच पटलं नाही. मनू आणि मी दोघंच आगगाडीने गेलो, खोका काकीच्या हवाली करून.

कारण असं. कारवार आणि आसपासचा उत्तर कानडा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जंगल खात्यात टी. आर. बेल नावाचा अधिकारी होता. त्याच सुमारास मिठाच्या खात्यातला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन तिथे आला. हा एटकेन जन्माने सातारचा, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी. कलेक्टर डेव्हिडसन हा तिसरा. तिघांनी मिळून त्या जिल्ह्यातली फुलपाखरं नुसती पकडली नाहीत, अळ्या आणून घरात पाळल्या. कोणती अळी कोणतं पान खाते, किती दिवसांनी कात टाकते, कोष कसा लटकतो, याच्या नोंदी त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात छापल्या. बेल पुढे निवृत्त होऊनही कारवारातच राहिला, १९४८ मध्ये तिथेच वारला. १९३७ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला हॉक मॉथवरचा खंड त्याने मेजर स्कॉटबरोबर लिहिला. पतंगांच्या पंखांची वर्णनं बऱ्याच पुस्तकांत असतात. या खंडात अळी कशी बसते, कशी दचकते, कोष कुठे करते, हेसुद्धा आहे, कारण लिहिणाऱ्याने पानं आणून घातली होती. अशा माणसाच्या गावी एकदा जावं, एवढंच.

घर शोधायला, पाटी बघायला आम्ही गेलो नव्हतो. काळी नदीच्या काठाने चाललो, मासे-भात खाल्ला, समुद्रावर बसलो. मनूने वाटेतल्या प्रत्येक कुंपणावरची कण्हेर आणि तगर तपासली. तिसऱ्या घरी तिला तगरीच्या कोवळ्या पानाखाली फिकट हिरवं, मोहरीएवढं, गोल अंडं सापडलं. कण्हेरीच्या पतंगाची मादी असंच एकेक सुटं अंडं घालते, सगळी एका जागी नाही. ते त्याचंच आहे की नाही, शपथेवर सांगता येणार नाही. घरातून एक आजी बाहेर आल्या, कोंकणीत विचारलं काय शोधताय. मनूने पान दाखवलं. आजी म्हणाल्या, फुलं हवी तर ने, पान कशाला?

परतीच्या गाडीत तिने विचारलं, “बेलच्या अळ्या मरायच्या का?”

“मरत असतील.”

“मग तो ते पण लिहायचा?”

दिवस सातवा

सकाळी पाचोळा अलगद बाजूला केला. दोन फणसाची पानं विरळ तपकिरी धाग्यांनी जोडली होती. रेशमाच्या किड्यासारखा घट्ट कोश नाही, नुसता आडोसा. त्या फटीतून थोरली दिसली. आखडून निम्मी झालेली, सुरकुतलेली, पण बोटाची सावली पडली की वळवळणारी. झाकून ठेवली.

धाकटी बरणीत डहाळीला मागच्या पायांनी धरून उलटी लोंबत होती. मऊ, पाण्याने भरल्यासारखी. दुपारी मनूच्या समोरच तिच्या कातडीला भोक पडलं आणि एक पांढरट किडा बाहेर आला. मग दुसरा. एकूण चार. चिकट तारेला लोंबकळत खाली कागदावर उतरले आणि कागदाच्या घडीत शिरायला लागले.

मी ओळखलं आणि कराडच्या चहाची टपरी आठवली. मानेजवळचा, रांगेत नसलेला, वर आलेला ठिपका म्हणजे टॅकिनिड माशीचं अंडं होतं. ही माशी अळीच्या अंगावर अंडं चिकटवते, तिची पोरं कातडी भोकसून आत शिरतात आणि अळीला मरू न देता आतून खात वाढतात. धाकटी खात नव्हती ते कण्हेरीमुळे नाही. अंडं एकच असतं तर चार किडे कसे? बाकीची तीन आम्ही ठिपक्यांत धरली असणार. म्हणजे मी धरली असणार, मनूने एक तरी वेगळं काढलं होतं.

तिला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तिने त्या चार किड्यांना वेगळ्या डबीत ठेवलं, तळाला माती घालून. फेकायला कोणाला दिलं नाही.

दिवस आठवा : विसर्जन

पाच दिवसांचे गणपती गेले. वहाळाला पाणी भरपूर होतं. खोक्यात थोरलीची कात एका बाजूला चुरगळून पडली होती आणि पाचोळ्यात फिकट तपकिरी, मधल्या बोटाएवढा कोष होता. बाजूला काळ्या ठिपक्यांची रांग, पोटाकडे डोक्यापासून एक बारीक काळी रेघ.

काकांनी वाकून पाहिलं. “रताळी खणताना असोच गावता. पण तेका किटलीसारखी कडी असता.” अगदी बरोबर. सोनटक्क्यावर आलेल्या त्या लांब सोंडेच्या पतंगाचा कोष मातीत असतो, आणि त्याची सोंड मावत नाही म्हणून बाहेर कडीसारखी वळून येते. कण्हेरीच्या पतंगाची सोंड त्या मानाने आखूड, ती अंगाला चिकटूनच बसते. सत्तरी उलटलेला माणूस हे आयुष्यभर बघत आला होता, फक्त त्यातून काय निघतं ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दिवस नववा : परत

सांगण्यासारखं काही नाही. कोष कापसात, खोका मनूच्या मांडीवर, खंबाटकीत दीड तास. काकांनी बजावून सांगितलं होतं, गेल्यावर काय निघालं त्याचा फोन कर. गावातच सोडायचा विचार होता, पण पुण्याचा पतंग त्याच्या माश्यांसकट दुसरीकडे नेऊन सोडणं मला पटेना.

नंतर

पुण्यात परतल्यावर अकराव्या दिवशी आधी माश्या निघाल्या. चारपैकी तीन. घरमाशीहून मोठ्या, करड्या, पाठीवर काळ्या रेघा आणि उभे राठ केस. मनूने वहीत लिहिलं, ‘धाकटी – माश्या ३’, आणि डबी खिडकीत उघडली. मी विचारलं, तगरीपासून लांब सोडायच्या नाहीत का? म्हणाली, त्या तिथल्याच आहेत.

कोष आणखी तीन दिवसांनी काळसर झाला. कवचातून पंखांची नक्षी पुसट दिसायला लागली. रात्री नऊच्या पुढे कवच डोक्याशी तडकलं आणि ओला, चुरगळलेला, मोठ्या डोळ्यांचा जीव बाहेर येऊन खोक्याच्या भिंतीवर चढला. पंख म्हणजे दोन ओल्या चिंध्या. तासाभरात त्या चिंध्या ताणून सरळ झाल्या. शेवाळी हिरव्याच्या पाच-सहा छटा, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या लाटा, संगमरवराच्या लादीसारख्या. पंखाच्या मुळाशी पांढऱ्यात एक गोल गडद ठिपका, पुन्हा डोळ्यासारखाच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनूच्या पट्टीवर दहा सेंटिमीटर. याला कोणी आर्मी ग्रीन म्हणतं, पण सैन्यात एवढा गुलाबी रंग चालेल असं वाटत नाही. काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा शोधला, बघितलं, आणि बघतच राहिले. मागून काकीचा आवाज आला, “माका दाखवा मरे!”

दुसऱ्या दिवशी दिवसभर तो खोक्यात बसून राहिला. संध्याकाळी सगळे खाली गेलो. मनूने त्याला तगरीच्या फांदीवर ठेवलं. बराच वेळ काही नाही. मग पंख थरथरायला लागले, नुसते जागच्या जागी, थंडीत कुडकुडल्यासारखे. उडायच्या आधी छातीचे स्नायू असे तापवावे लागतात, गाडीच्या इंजिनासारखे. दोन-तीन मिनिटं ती घरघर चालली, आणि मग फांदी हलली. कोणत्या बाजूला गेला यावर आमच्या चौघांची चार मतं.

आई थोडा वेळ रिकाम्या फांदीकडे बघत उभी होती. “आता या झाडाची फुलं तोडली तर चालतील ना गं?” तिने मनूला विचारलं. मनूने टॉर्चने पानांच्या खालच्या बाजू एकेक करून तपासल्या, पाच मिनिटं लावली, आणि मान हलवली.

आई परडी आणायला वर गेली.